दडे बसलेल्या कानात थेंब घालताना

वाचकाचा प्रश्न: एका ४६ वर्षांच्या वाचक भगिनींनी लिहिले आहे की, दहा दिवसांपूर्वी डोक्यावरून आंघोळ केल्यानंतर त्यांच्या उजव्या कानाला दडे बसले आणि ते अजून सुटलेले नाहीत. दुखणे, ताप किंवा कानातून पाणी येणे असे काही नाही. फक्त स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि फोन डाव्या कानाला लावावा लागतो. एरवी त्या रोज कापसाच्या काडीने दोन्ही कान स्वच्छ करतात, त्यामुळे आपल्या कानात मळ साचलाच कसा, याचे त्यांना आश्चर्य वाटते. औषधाच्या दुकानातून आणलेले, मळ मऊ करणारे थेंब त्यांनी दोन दिवस घातले. पण कान आणखीच गच्च झाल्याने ते थांबवले आणि प्रथमोपचाराच्या डब्यातले हायड्रोजन पेरॉक्साइड एकदा घालून पाहिले. त्याच्या फसफसण्याने त्या घाबरल्या. एका दिवसात मळ बाहेर काढील असे सर्वांत जालीम औषध कोणते, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून दर आठवड्याला थेंब घालावेत का, असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी त्यांनी जोडले आहे की, त्यांचे ७८ वर्षांचे वडील श्रवणयंत्र वापरतात, त्यांनाही हल्ली कमी ऐकू येते, त्यांना मधुमेह आहे आणि तरुणपणी त्यांचा एक कान वाहत असे. तर उरलेले थेंब त्यांच्या कानात घालावेत का?

उत्तर:

तुम्ही थेंब थांबवलेत ते बहुधा नेमके ते काम करू लागले तेव्हाच. कानातल्या मळाचा मोठा भाग हा गळून पडलेल्या त्वचेच्या पेशींचा असतो, आणि या पेशी पाणी शोषून फुगतात. मोठ्या माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि चांगलीच अरुंद असते. तिच्यात मळाचा बोळा बसलेला असला तरी त्याच्या कडेने एखादी बारीक फट उरली असेल तर आवाज आत जाऊ शकतो आणि माणसाला काहीही जाणवत नाही. आंघोळीचे पाणी किंवा औषधाचे थेंब आत गेले की बोळा फुगतो, ती फट बुजते आणि क्षणात दडे बसतात. तुमचा मळ त्या दिवशी आंघोळ करताना तयार झाला नव्हता, तो कित्येक महिने तिथे असावा; पाण्याने फक्त त्याचे दार लावून घेतले. थेंबांनीही पहिल्या एकदोन दिवसांत तेच केले असावे.

परंतु हे सगळे कानात मळच आहे असे धरून चाललेले आहे, आणि तुमच्या पत्रात कोणीही तुमच्या कानात डोकावून पाहिल्याचा उल्लेख नाही. म्हणून हे वाचून झाल्यावर औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी एक सोपी गोष्ट करा. शांत खोलीत बसून ओठ मिटून हलकेच गुणगुणा आणि तो आवाज कोणत्या कानात मोठा वाटतो ते पाहा. मळ किंवा सर्दी यांसारख्या अडथळ्याने कान बंद असेल तर गुणगुणणे सहसा बंद कानाकडे ओढल्यासारखे वाटते. आतल्या कानाची नसच अचानक मंदावली असेल तर ते चांगल्या कानाकडे जाते. हा केवळ अंदाज आहे, तपासणी नव्हे, आणि एखाद्याला फरक कळतही नाही. तरीही आवाज डाव्या कानाकडे जात असेल, किंवा सोबत चक्कर येत असेल, कानात नव्याने सतत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. नसेच्या अचानक येणाऱ्या बहिरेपणावर पहिल्या दोन आठवड्यांत उपचार झाले तर त्यांचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते, आणि तुमचे दहा दिवस आधीच गेले आहेत. ‘मळ असेल, सुटेल’ म्हणत हे दिवस घालवलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी आधी थोडे रागवावेसे वाटते व मग त्यांच्याइतकेच वाईट वाटते. गुणगुणणे उजव्या कानात घुमले तरी कान याच आठवड्यात एकदा दाखवाच. फक्त मग घाबरण्याचे कारण उरत नाही.

आता तुमच्या आश्चर्याकडे वळू, कारण पुढच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ तिथे आहे. आपली अडचण शब्दापासूनच सुरू होते. हातापायांना चिकटतो तोही मळ आणि कानात असतो तोही मळ, त्यामुळे दोन्ही खरडून काढायचे असतात असे आपण लहानपणापासून धरून चालतो. वस्तुतः कानातला मळ बाहेरून आलेला नसतो. कर्णनलिकेच्या बाहेरच्या एकतृतीयांश भागातील ग्रंथींच्या स्रावात गळालेल्या पेशी मिसळून तो तयार होतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाण्याला थोपवतो, धूळ पकडतो आणि जंतूंच्या वाढीला आळा घालतो. आणखी एक नवल म्हणजे या नलिकेची त्वचा जागच्या जागी गळत नाही. ती पडद्यापासून बाहेरच्या तोंडाकडे, साधारण नखे वाढतात तितक्या संथ गतीने सरकत असते आणि वरचा मळ आपल्याबरोबर बाहेर आणते. बोलताना आणि चावताना हलणारा जबडाही तिला हातभार लावतो. म्हणजे कान स्वतःच स्वतःची झाडलोट करीत असतो आणि बहुतेक माणसांना आयुष्यभर आत काहीही घालावे लागत नाही.

मळ बाहेरच्या भागात तयार होतो आणि वाहतूकही बाहेरच्या दिशेने असते, हे ध्यानात घेतले तर पडद्याला टेकलेला कडक बोळा तिथे पोहोचला कसा, याचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. काडीच्या टोकाला जो पिवळा पट्टा दिसतो तेवढाच काय तो बाहेर येतो. उरलेला, तोफेत दारू ठासावी तसा, दररोज थोडा थोडा आत ठासला जातो. शिवाय कापूस त्वचेवरचा तेलकट थर पुसून नेतो, त्वचा कोरडी पडते, कान खाजतो, आणि ती खाज शमवण्यासाठी आपण पुन्हा काडी घालतो. ही खाज शमताना बरे वाटते हे मी नाकारणार नाही, आणि सवय सुटत नाही तिचे खरे कारण स्वच्छता नसून हे सुखच असते. काडी जरा खोल गेली की काही जणांना ठसका लागतो, कारण नलिकेच्या त्वचेला घशाकडे आणि छातीकडे जाणाऱ्या नसेचीच एक फांदी मिळालेली असते. तो ठसका म्हणजे शरीराने दिलेली समज आहे. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात अठरा वर्षांखालील सुमारे २ लाख ६३ हजार मुलांवर कापसाच्या काडीने कानाला झालेल्या इजांसाठी तातडीच्या विभागांत उपचार करावे लागले, आणि त्यांतील जवळपास तीनचतुर्थांश इजा कान ‘स्वच्छ’ करतानाच झाल्या होत्या. कानकोरणे, केसांचा आकडा, किल्ली, पेनाचे टोपण या मंडळींविषयी वेगळे लिहीत नाही.

सर्वांत जालीम औषध कोणते, हा तुमचा मुख्य प्रश्न. तो विचारताना तुम्ही असे धरले आहे की थेंबांनी मळ बाहेर काढायचा असतो. त्यांचे काम तेवढे मोठे नाही. तेलकट थेंब, मग ते ऑलिव्हचे असोत वा बदामाचे, बोळ्याला वंगण देतात आणि त्याची नलिकेला बसलेली पकड ढिली करतात. पाण्यावर आधारलेले थेंब, उदाहरणार्थ खाण्याच्या सोड्याचे औषधी द्रावण, मृत पेशींना पाणी पाजून बोळा फुगवतात आणि विस्कटवतात. पेरॉक्साइडचे थेंब त्यात ऑक्सिजनच्या बुडबुड्यांची भर घालतात. काही तयार थेंबांत साबणासारखे काम करणारे डॉक्युसेट असते, तर काहींत मळ मऊ करणाऱ्या द्रव्यांबरोबर बधिरता आणणारे बेंझोकेन असते. यांतले कोणते श्रेष्ठ, याचा शोध घेणाऱ्या चाचण्या कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी २०१८ मध्ये एकत्र करून तपासल्या. त्यांना दहा चाचण्या आणि ६२३ माणसे मिळाली. पाच दिवस थेंब घातलेल्या कानांपैकी २२ टक्के पूर्ण मोकळे झाले, काहीच न घातलेल्यांपैकी ५ टक्के. एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचे मात्र दिसले नाही; इतकेच काय, साध्या पाण्यापेक्षा किंवा मिठाच्या पाण्यापेक्षा विकतचे थेंब चांगले, असेही खात्रीने म्हणता आले नाही.

हे आकडे मी दोन अर्थांनी वाचतो. एक म्हणजे महागडी बाटली शोधत हिंडण्यात अर्थ नाही. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे: पाच दिवस मन लावून थेंब घातले तरी पाचांपैकी साधारण चार कान पूर्ण मोकळे होत नाहीत, आणि तरीही ते पाच दिवस फुकट जात नाहीत, कारण मऊ झालेला बोळा डॉक्टरांना पुढे पाण्याने किंवा यंत्राने सहज आणि कमी त्रासात काढता येतो. ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांतही, कान धुण्याच्या लगेच आधी किंवा त्यापूर्वी पाच दिवसांपर्यंत मळ मऊ करणारे द्रव्य वापरावे, असेच सांगितले आहे. तेव्हा ‘कान उघडला का’ या कसोटीवर थेंबांना नापास करू नका.

हायड्रोजन पेरॉक्साइडने कानात फसफस झाली, त्यात अघटित काही नाही. त्वचेतील एक विकर त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करते आणि बुडबुडे पडद्याच्या इतक्या जवळ फुटतात की ते सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे ऐकू येतात. मला चिंता आहे ती बाटलीवरच्या आकड्याची. प्रथमोपचारासाठी मिळणारे द्रावण साधारणतः ३ टक्के असते. त्याहून तीव्र द्रावणे इतर कामांसाठी विकली जातात आणि ती त्वचा भाजतात. तुमच्या बाटलीवर ३ टक्के छापले असेल आणि आता जळजळ नसेल तर झाल्या गोष्टीने नुकसान झालेले नसावे. तरीही ते पुन्हा घालू नका, कारण काड्यांनी आधीच ओरखडलेल्या त्वचेला ते झोंबते, आणि एकाच कानात आज एक नि उद्या दुसरे द्रव्य घालत गेले की कशाने काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

तुमचा पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी पाहिले, किंवा तुमचा कान आजवर कधी वाहिलेला नाही, त्यावर कधी शस्त्रक्रिया झालेली नाही, त्यात नळी बसवलेली नाही आणि तो दुखत नाही याची तुम्हाला स्वतःला खात्री असली, तर थांबवलेले तेच थेंब पुन्हा सुरू करायला हरकत नाही. मात्र तुम्ही ते कसे घातलेत हे पत्रात नाही आणि पुष्कळ जण ते उभ्या उभ्या, मान तिरकी करून घालतात. तसे घातलेले औषध पाळीवरून खांद्यावर जाते. बाटली आधी पाच मिनिटे मुठीत धरून अंगाइतकी कोमट करा. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात ती तापवू नका. बंद कान वर येईल असे कुशीवर झोपा, दुसऱ्या कोणाला तरी कानाची पाळ वर आणि मागे ओढून धरायला सांगा, कारण नलिका वाकडी असते आणि अशा ओढण्याने ती सरळ होते. लहान मुलाची पाळ खाली आणि मागे ओढावी लागते. बाटलीचे टोक कानाला न टेकवता तीन ते पाच थेंब नलिकेच्या भिंतीवरून ओघळू द्या, म्हणजे आतली हवा बाहेर यायला वाट मिळते, आणि कानाच्या तोंडापुढचा छोटा उंचवटा बोटाने हलकेच चारपाच वेळा दाबा. मग पाच ते दहा मिनिटे तसेच पडून राहा, आणि उठताना कानाखाली रुमाल धरून उरलेले बाहेर येऊ द्या. कापसाचा बोळा आत कोंबायचा नाही. तो घातलेले औषधच शोषून घेतो. दिवसातून दोनदा असे तीन ते पाच दिवस करायचे असते, पण तुमच्या बाटलीवरच्या सूचना वेगळ्या असतील तर त्या पाळा. बदामाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्यांचे तेल असलेले थेंब टाळावेत. दुखू लागले, घेरी आली किंवा औषध घशात उतरल्यासारखे वाटले तर तिथेच थांबा. घशात उतरणे म्हणजे पडद्याला भोक असण्याची शक्यता.

पाच दिवसांनी कान उघडला नाही तर पिचकारीने घरीच पाणी मारण्याचा मोह होईल. निदान या पहिल्या वेळी तरी तो आवरा. पाण्याचा जोर आणि पाण्याचे तापमान या दोन्ही गोष्टी दिसतात तितक्या सोप्या नाहीत. शिकाऊ असताना एका सकाळी घाईघाईने मी पाणी पुरेसे कोमट न करताच एका रुग्णाचा कान धुवायला घेतला होता. दुसऱ्या पिचकारीला त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले, डोळे एका बाजूला झटके देऊ लागले आणि त्यांना ओकारी आली. तोल सांभाळणाऱ्या नळ्या कर्णनलिकेच्या अगदी शेजारी असतात, आणि शरीरापेक्षा गार किंवा गरम पाण्याने त्यांतला द्रव हलू लागतो, हे पुस्तकात वाचलेले वाक्य मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले. डॉक्टरांकडे कोमट पाण्याची नियंत्रित धार, बारीक शोषनळी आणि आकडीसारखी उपकरणे असतात. शोषनळीचा आवाज मोठा येतो, एवढे आधीच ठाऊक असले की दचकायला होत नाही. कानात मेणाची पोकळ नळी पेटवून धरण्याचा एक प्रकार पुष्कळ ठिकाणी सुचवला जातो. त्याने मळ निघत नाही, कान आणि केस मात्र भाजू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्याविरुद्ध इशारा दिलेला आहे.

दर आठवड्याला थेंब घालावेत का, याचे माझे उत्तर सध्या तरी नाही असे आहे. त्रास न देणारा मळ काढायचा नसतो, आणि तुमच्या कानाने नीट काम करून दाखवण्याची संधी तुम्ही त्याला अनेक वर्षांत दिलेलीच नाही. कान एकदा मोकळा झाला की काड्या पूर्ण बंद करा, आंघोळीनंतर बोटावर टॉवेल गुंडाळून पोचेल तेवढाच बाहेरचा भाग पुसा, आणि सहा महिने काय होते ते पाहा. कानात घट्ट बसणारे इअरफोन तासन्‌तास वापरत असाल तर तेही कमी करा, कारण तेही बाहेर येणाऱ्या मळाची वाट अडवतात. एवढे करूनही पुन्हा दडे बसले तर तुमची नलिका जात्याच अरुंद किंवा वळणाची असू शकते. अशा माणसांना अधूनमधून थेंब घालायला सांगितले जाते, पण किती दिवसांनी, हे कान पाहिलेल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता, अगदी शेवटी लिहिली आहे. वडिलांच्या कानात ते थेंब घालू नका. तरुणपणी वाहणारा कान म्हणजे पडद्याला भोक पडल्याची शक्यता, आणि ते भोक वाहणे थांबल्यावरही वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. अशा कानात घातलेले द्रव्य पडद्यापलीकडे मधल्या कानात उतरते, तिथे दुखणे आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि काही घटकांनी आतल्या कानालाही इजा पोहोचू शकते. त्यात त्यांना मधुमेह आहे. मधुमेही वृद्धांच्या कर्णनलिकेत झालेला संसर्ग क्वचित कवटीच्या हाडापर्यंत पसरतो आणि तो जिवावर बेतू शकतो, म्हणून त्यांच्या बाबतीत पाण्याने कान धुण्यापेक्षा नजरेखाली, कोरड्या पद्धतीने मळ काढणे बहुतेक डॉक्टर पसंत करतात. एकच बाटली दोघांच्या कानांत फिरवणे तर निरोगी माणसांनीही टाळावे.

त्यांचे ऐकणे कमी होण्यामागे मळ असणे मात्र अगदी शक्य आहे. उतारवयात मळ कोरडा आणि घट्ट होतो, नलिकेतले केस राठ होतात, आणि श्रवणयंत्राचा साचा दिवसभर बुचासारखा बसून राहतो. असे म्हणतात की दर वीस प्रौढांमागे एकाच्या कानात त्रासदायक मळ साचतो, पण वृद्धांत हे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक असते. यंत्र मध्येच शिट्टी वाजवत असेल तर मळावर आपटून परतणारा आवाज हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. कधी तर दोष कानात नसतोच: यंत्राचे टोक उजेडात धरून पाहा, आवाज बाहेर पडण्याच्या छिद्रावर मेणचट पापुद्रा दिसेल, मळ अडवणारी छोटी जाळी बदलली की अर्धी तक्रार मिटते. वृद्ध माणूस हाक मारल्यावर उत्तर देईनासा झाला की घरचे वयाला, विसराळूपणाला, हट्टाला बोल लावतात आणि कान पाहायचा राहून जातो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचे कान वर्षातून दोनतीनदा कोणीतरी बघावेत असे मी सुचवतो.

तेव्हा स्वतःसाठी वेळ घ्याल तेव्हा वडिलांसाठीही घ्या, आणि जाताना त्यांचे यंत्र, त्यांच्या औषधांची यादी व तुम्ही वापरलेल्या दोन्ही बाटल्या बरोबर न्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी ते घेत असतील तर ती यादीत आहे ना, हे निघण्यापूर्वी बघा. मळ काढताना नलिकेला ओरखडा गेला तर रक्त थांबायला वेळ लागतो, आणि हे उपकरण हातात घेण्यापूर्वी डॉक्टरांना ठाऊक असलेले बरे.